बजाबाईचं माडगं

बजाबाई भांडखोर होती, असं आमच्या गावात अजून सांगतात. होतीच, मी कुठं नाही म्हणते? पण ती कुणाशी भांडली आणि कशापायी भांडली, हे मात्र सांगणारा सांगत नाही. तिथवर आला की पानाला चुना लावत दुसराच विषय काढतो. गेल्या उन्हाळ्यात बजाबाई गेली. तिच्या तेराव्यालासुद्धा लोक "बाई लई फाटक्या तोंडाची हुती" एवढंच बोलले आणि जेवून उठले. मला ते सोसलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर बरं आहे, आणि रागाला तर माझ्याकडं काही कमी नाही. म्हणून बसले लिहायला.

ती आमच्या शेजारची. नवरा लवकर वारलेला, मुलगा सोलापूरला गिरणीत. त्यानं आईला तिकडं नेऊन पाहिलं, पण ही परत आली. "त्या खोलीत मी पाय लांब करून निजले की पाय दुसऱ्याच्या घरात जात्यात," म्हणायची. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की ओढ्यावरून हाक मारली तर वेशीतल्या माणसानं मागं वळून बघावं. गोड बोलणं तिला जमायचंच नाही. आजारी माणसाची विचारपूस करायची तीसुद्धा भांडण काढल्यासारखी: "ताप हाय म्हनं तुला? मग मरायला उन्हात कशाला फिरतीस?" असं म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी गवती चहाची पात नेऊन आदळायची. गावात सगळे तिला बजाकाकू म्हणायचे.

बहात्तरच्या दुष्काळाचं मी वर्णन करत बसत नाही. ज्यांनी तो काढला त्यांना ते वाचायला नको वाटेल. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, आणि जनावरांच्या मागं माझा नवरा आणि दीर दोघंही छावणीत राहायला गेले. घरात उरलो आम्ही तिघी: माझी सासू मुक्ताबाई, मी, आणि माझी धाकटी जाऊ वच्छला. शिवाय वच्छलाची तान्ही लेक, पारू.

माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं तसं अख्खं गाव तिकडं लोटलं. आमचंच नव्हे, आसपासच्या गावांचीही माणसं आली, पार वच्छलाच्या माहेरची, केमचीसुद्धा. पुरुष खणायचे, आम्ही बाया मातीची घमेली वाहायचो. ज्यांची मुलं अंगावर पिती होती त्यांनी ती बरोबर आणायची आणि त्यांना सांभाळायला एक म्हातारी बाई हजेरीवर घ्यायची, अशी सोय होती. मुकादम होता हिंदुराव, आमच्याच भावकीतला. त्यानं बजाबाईला त्या कामावर घेतलं आणि घेताना हसत म्हणाला, "काकू, पोरांसंगं तरी भांडू नका."

ती भांडलीच. बाभळींच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, आणि ही या झोळीकडून त्या झोळीकडं मुलांना दटावत फिरायची. शेवंताच्या सारखं रडणाऱ्या पोराला तिनं 'पुढारी' नाव ठेवलं होतं. "गप रं पुढाऱ्या, भाषण पुरं कर," म्हणायची आणि झोळीला असा झोका द्यायची की पोरगं दचकून खरंच गप्प व्हायचं. आम्ही वर बांधावरून घमेलं घेऊन जाताना तिचा आवाज ऐकायचो आणि तेवढं हसू यायचं.

पण भुकेलं मूल झोक्यानं किती वेळ गप्प राहणार? आम्ही सगळ्या मिलोवर जगत होतो. लाल मिलो ज्वारी, अमेरिकेतून आलेली, रेशनवर मिळायची. भाकरी थापायला घेतली की चिरा जायच्या, खाल्ली की पोटात दगड ठेवल्यासारखं व्हायचं. त्या भाकरीवर आणि टँकरच्या गढूळ पाण्यावर बाईच्या अंगात दूध यायचं कुठून? दुपारी बाया पाजायला यायच्या. मूल छातीला लागायचं, थोडा वेळ ओढायचं आणि तोंड काढून किंचाळायचं. आई मान खाली घालून परत घमेलं उचलायची.

कामावर सुकडी वाटायचे. भाजलेलं गोडसर पीठ, चवीला बरं असायचं, पाण्यात कालवलं तर लेकरानं चाटावं असं. पण ज्याचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या कागदावर, त्यालाच ती मिळायची. तान्ह्या मुलांची नावं मस्टरवर असणार कशी? बजाबाई हिंदुरावाच्या तंबूपुढं जाऊन उभी राहिली.

"हिंदुराव, ह्या लेकरांची नावं कागदावर न्हाईत, मग ह्यांना पोटं बी न्हाईत व्हय?"

"काकू, वरनं हुकूमच तसा हाय. मी काय करू?"

"वर म्हंजी कुटं? मला दाव, मी जाते तितं."

हिंदुरावानं दोन्ही हात वर केले. आता हुकूम तसा असेलही, मी कुठं बघायला गेले होते. पण वाटून उरलेली सुकडी संध्याकाळी पोत्यात भरून हिंदुरावानं छावणीत न धाडता दारात ठेवलेल्या म्हशीसाठी घरी जात होती. तो हुकूम कुठून आला होता, हे विचारायची सोय नव्हती. आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बजाबाई मग त्याच्या तंबूकडं फिरकली नाही. तिच्या घरी एका मडक्यात बियाणं होतं, थोडा शाळू आणि थोडे हुलगे, राखेत घोळून, तोंड शेणानं लिंपून ठेवलेलं. आमच्याकडं बियाण्याला हात लावत नाहीत. चूल पेटली नाही तरी चालेल, पण बी राखायचं. तिनं ते मडकं उघडलं. राख धुऊन काढली, दाणे उन्हात वाळवले, खापरावर मंद जाळानं तांबूस होईपर्यंत भाजले आणि जात्यावर बसली. भाजलेल्या हुलग्याचा वास आळीभर गेला तशा शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, बी खाताय? इपरीतच की ह्ये."

"मी न्हाय खात. लेकरं खात्यात," ती जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली. "पाऊस पडला की मूठभर बी कुनी बी दील मला. प्वार दील का कुनी वच्छीला, शेवंतीला?"

पीठ तिनं मऊ लुगड्यातून वस्त्रगाळ केलं. कामावर बाभळीखाली तीन दगडांची चूल मांडली. टँकरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून आधी खळखळ उकळायची, आणि त्या भांड्यात जो हात घालील त्याचा हात मोडीन, असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. निवलेल्या पाण्यात पीठ कालवायचं, गुठळी मोडायची, मग आधणात सोडून ढवळत राहायचं. ढवळताना ती कुणाशी बोलायची नाही, तेवढाच वेळ माळावर शांतता. हुलग्याचं माडगं आम्ही सगळेच करतो, पण ते मोठ्या माणसांसाठी, लसूण-जिरं घालून. हे लेकरांसाठी, पातळ, गुळाचा एक खडा विरघळवलेलं. पळीतून धार तुटली नाही पाहिजे आणि पाण्यासारखी पळालीही नाही पाहिजे, तसं होईतोवर चुलीवरून उतरवायची नाही. मग स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची आणि एकेका मुलाला मांडीवर घेऊन भरवायची. पहिल्यांदा मुलांनी तिच्या अंगावर थुंकलं. तिनं त्यांना चार गोष्टी सुनावल्या आणि परत भरवलं. पुढं पुढं पळी वाजली की झोळ्या हलायला लागायच्या. आयांनीही मग कुणी गूळ, कुणी ओंजळभर शेंगदाणे असं घरातून आणून तिच्या पुढ्यात ठेवायला सुरुवात केली.

एका झोळीत मात्र वाटी जात नव्हती. ती होती आमच्या पारूची.

पारू आठ महिन्यांची झाली तरी तिचं उष्टावण झालेलं नव्हतं. आमच्याकडं मुलाला पहिला घास मामानं घालायचा, तांदळाच्या खिरीचा, रुप्याच्या नाण्यानं. तोवर अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही नाही. एरवी यात अडचण नसते, मामा हौसेनं येतो. पण पारूचा मामा जोतीराम दुष्काळात केम सोडून कोल्हापूरकडं गुऱ्हाळावर कामाला गेला होता. आज या गुऱ्हाळावर, उद्या त्या. निरोप धाडून धाडून आम्ही थकलो, उलटा निरोप काही आला नाही.

आणि माझ्या सासूनं वच्छलाच्या मनात भरवून ठेवलं होतं, "मामाच्या आदी दुसऱ्यानं घास घातला की त्यो मामाच्या जिवावर बेततोय. माझ्या माहेरी झालंय तसं." वच्छलाला जोतीराम हा एकच पाठचा भाऊ. तो कुठं आहे, जिवंत तरी आहे का, पत्ता नाही. तिच्या एका हाताला लेक आणि एका हाताला भाऊ, आणि कुठला हात सोडायचा हे तिला सांगणारं कुणी नाही. मी सासूशी भांडले. "आत्याबाई, पोर वाळून चाललीय," म्हणाले. त्यावर मला उत्तर मिळालं, "तुला ल्योक न्हाय लेक न्हाय, तू नगं शिकवू."

बजाबाईनं एकदा वच्छलाला न विचारता पारूला मांडीवर घेतलं. वाटी पोरीच्या तोंडाशी नेली तोच वच्छला बांधावरून घमेलं टाकून धावत आली आणि तिचा हात धरला. "काकू, नगा. माझा भाऊ जाईल." बजाबाईनं वाटी खाली ठेवली. एरवी ती ऐकणारी बाई नव्हे. पण आईनं हात धरल्यावर तिचंही चालेना.

मग एका दुपारी पारू रडायची थांबली. पाजायला घेतलं तरी तोंड उघडेना. झोळीत नुसती डोळे उघडे ठेवून पडलेली, हाताला काडीइतकं वजन नाही. बजाबाईनं तिची टाळू बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली. ती कातडी तशीच उभी राहिली. बजाबाईनं आम्हा दोघींना बोलावलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"वच्छे, ही पोरगी आता मामाची वाट बघत न्हाय. ही दुसऱ्याच वाटंला लागलीय."

वच्छलानं पारूला छातीशी धरलं. तिच्या तोंडातून एकच निघत होतं, "मामा पायजे, काकू. मामा कुटनं आणू?"

बजाबाई एकदम उसळली, "आगं, मामा पायजे म्हंतीस तर मामा एकच हाय व्हय? केममदी काय तुझं एकच घर हाय? माहेरच्या गावचं कुत्रं भेटलं तरी आपुन त्याला भाऊ म्हंतो. हितं कामावर केमचं कोन कोन हाय?"

ही गोष्ट खरी होती. आमच्यात माहेरच्या गावचा माणूस, मग तो कुणाच्याही घरचा असो, बाईचा भाऊच असतो. बाजारात भेटला तर तो हातावर खाऊ ठेवतो, आणि तिची मुलं त्याला मामाच म्हणतात. वच्छलानं डोळे पुसले.

"बाकीचे गेले छावणीवर. एक महिपतीदादा हाय," ती चाचरत म्हणाली.

महिपती बौद्ध. गावाच्या तोंडी अजून त्याच्या जातीचं जुनं नाव होतं, ते मी इथं लिहिणार नाही. तो खालच्या टोळीत, खाणीत दगड फोडायला होता. त्या कामावर पाण्याचे रांजण दोन ठेवले होते, एक आमचा, एक त्यांचा. हा काही वरनं आलेला हुकूम नव्हता, तरी तो पाळण्यात कधी कुणाची चूक झाली नाही. बजाबाईचीही झाली नव्हती. महिपतीचं नाव ऐकून तिनं चुलीतलं लाकूड पुढं-मागं केलं. तिच्या मनात काय चाललं ते मला सांगता येणार नाही. मग ती उठली, खाणीच्या काठाला गेली आणि खाली बघून ओरडली, "ए केमच्या! वर ये."

महिपती वर आला, सगळं ऐकलं आणि दोन पावलं मागं सरला.

"काकू, मला यात घालू नका. तुमी बोलून मोकळ्या व्हाल. हजेरी माझी जाईल. मला बी घरात खानारी तोंडं हायती."

"खरं हाय तुझं," बजाबाई म्हणाली. ती बाजूला सरली.

वच्छला पारूला घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, माझ्या लग्नात गाडी तूच हाकत आणली हुतीस ह्या गावाला. मी रडाय लागले तवा काय म्हनला हुतास?"

महिपती खाली बघत म्हणाला, "कवा बी हाक मार, आक्का. म्या ओ दीन."

"मग आता मारतीय हाक."

महिपतीनं डोक्याचं फडकं काढून खांद्यावर टाकलं आणि हात धुवायला पाणी मागितलं. बजाबाईनं उकळून निवलेलं पाणी त्याच्या हातावर ओतलं. तो धूतच राहिला. नखांतली माती, भेगांतली खडीची भुकटी, कोपरापर्यंत चोळून चोळून धूत राहिला. शेवटी बजाबाई खेकसली, "आरं पुरं की! उकळलेलं पानी हाय त्ये, नदी न्हाय." तेव्हा तो जरा हसला.

रुप्याचं नाणं नव्हतं, खीर नव्हती, पाट नव्हता. महिपती मातीत मांडी घालून बसला, वच्छलानं पारूला त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं करंगळी माडग्यात बुडवली आणि पारूच्या ओठाला लावली. काही झालं नाही. परत लावली. पारूची जीभ हलली, आणि तिनं ते बोट तोंडात धरलं. "ओढतीया," महिपती म्हणाला, "आक्का, ओढतीया की!" मी ढसाढसा रडले, मला त्याची लाज नाही. बजाबाई मात्र त्याच्यावरच ओरडत होती, "हळू घाल! एकदम नगं! थेंब थेंब!"

नेमकी त्याच वेळी माझी सासू दुपारची भाकरी घेऊन माळावर आली.

तिनं लांबूनच बघितलं आणि डोक्यावरची पाटी खाली टाकून किंचाळत सुटली. बाटवली, पोरगी बाटवली, घराण्याला काळं फासलं. पारूला तिनं महिपतीच्या मांडीवरून हिसकावून घेतलं. काम थांबलं, माणसं गोळा झाली. बजाबाई तिच्यापुढं उभी ठाकली.

"मुक्ते, ती पाटी उचल आदी. काय हाय तीत?"

"भाकरी हाय."

"कशाची?"

"मिलोची. दुसरं काय असतंय आता?"

"ती मिलो पेरली कुनी, कापली कुनी, बोटीत भरली कुनी, इचारलंस का? सातासमुद्रापलीकडच्या मानसाचा हात लागल्याला दाना तुला चालतोय. दोन टायमाला गिळतीस. आन् केमच्या महिपतीचं बोट चालत न्हाय? ज्येला तुझी सून दादा म्हंती, त्येचं?"

सासू पोरीला घेऊन तरातरा घरी गेली आणि पारूच्या तोंडात गोमूत्र घातलं. गावात तेव्हा गाय उरली नव्हती, सगळ्या छावणीत. तरी ते बाटलीत भरून देव्हाऱ्याखाली जपून ठेवलेलं होतं. पोरीच्या पोटात घालायला त्या घरात काही नव्हतं, पण तिचं तोंड धुवायला होतं.

दुसऱ्या दिवशी महिपती कामावर आला तर हिंदुराव म्हणाला, "तुझी हजेरी बंद." कारण विचारलं तर म्हणाला, खालच्या टोळीत माणसं जास्त झालीत. महिपतीनं फावडं-टिकाव ठेवलं आणि निघाला. जाताना त्यानं बाभळीकडं एकदा बघितलं फक्त. बजाबाईला ते लागलं. तिच्या शब्दाखातर तो वर आला होता, आणि भाकरी गेली ती त्याची, हिची नव्हे.

तिनं चूल विझवली. एकेक झोळी सोडली आणि एकेक मूल उचलून बांधावर त्याच्या आईच्या हातात नेऊन दिलं. "घ्या गं, आपापली लेकरं. महिपतीची हजेरी लागत न्हाय तवर मी एक प्वार सांभाळनार न्हाय." हिंदुराव धावत आला. दुसरी बाई बघतो म्हणाला. बघितलीही. पण ती बाई आली तशी मुलांनी असा आकांत मांडला की तिनं कानावर हात ठेवले. माडगं नव्हतं ना. पळीचा आवाज नव्हता.

सगळ्यात आधी घमेलं वच्छलानं खाली ठेवलं. भाकरी घेऊन आलेल्या सासूच्या देखत ठेवलं. माझी ती धाकटी जाऊ, जी घरात मोठ्यानं शिंकत नव्हती. पारूला मांडीवर घेऊन बांधावर बसली. तिच्या शेजारी मी बसले. मग शेवंता बसली, तिच्यामागं बाकीच्या आया. त्यातल्या सगळ्याच काही महिपतीसाठी बसल्या नव्हत्या, हेही खरं सांगते. काहीजणी म्हणत होत्या, त्यानं असं करायला नको होतं. पण रडणारं मूल कडेवर घेऊन घमेलं उचलता येत नाही, आणि माडगं हवं तर बजाबाई हवी, एवढं त्यांना कळत होतं. माती वाहणारं कुणी नाही म्हटल्यावर खणणारेही टेकले. त्यातच तालुक्याचे साहेब कामाची पाहणी करायला जीपमधून येणार असल्याचा निरोप आला. हिंदुरावानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि केमला माणूस पिटाळला.

महिपती परत आला. हजेरी लागली. बजाबाईनं चूल पेटवली. आणि काही झालं तरी उष्टावण झालेलंच होतं, ते मागं घेता येत नव्हतं, त्यामुळं पारूची वाटी आता कुणी अडवू शकत नव्हतं. बजाबाई तिला सगळ्यांच्या आधी भरवायची आणि भरवताना शिव्या घालायची, "खा गं भवाने, तुझ्यापायी गावाशी वैर घेतलंय." पोरीनं हळूहळू मान धरली. पहिल्यांदा खणखणीत रडली तेव्हा बजाबाई म्हणाली, "हां, आता मानसात आली." पाण्याचे रांजण मात्र काम संपेपर्यंत दोनच राहिले.

पुढच्या साली पाऊस पडला. बजाबाईकडं पेरायला दाणा नव्हता. ज्यांची मुलं तिच्या बियाण्यावर जगली होती त्या आयांनी मूठ मूठ शाळू, मूठ मूठ हुलगे तिच्या उंबऱ्यावर आणून ठेवले. केमहून महिपतीनंही फडक्यात बांधून हुलगे धाडले. तिनं ते सगळं एकात मिसळलं आणि पेरलं.

त्याच सुमाराला जोतीराम आला. त्याच्या जिवावर काही बेतलं नव्हतं. गुऱ्हाळावर राहून गडी चांगला अंगानं सुटला होता. झालेलं ऐकून त्याचं तोंड उतरलं आणि तो म्हणाला, "मग परत कराय पायजे की." सासूला तेच हवं होतं. तिनं पाट मांडला, तांदळाची खीर केली, भावकीला बोलावलं, बजाबाईला बोलावलं नाही. वच्छला म्हणाली, "पहिला घास एकदाच असतोय." तिचं कुणी ऐकलं नाही. पारू तोवर अंगणात धावत होती, तोंडात भाकरीचा तुकडा. सासूनं तिला धरून पाटावर बसवलं, तोंडातली भाकरी बोटानं कोरून बाहेर काढली, आणि त्या रिकाम्या केलेल्या तोंडात जोतीरामानं रुप्याच्या नाण्यानं 'पहिला' घास घातला. भावकी जेवली. आता गावात कुणालाही विचारा, पारूचं उष्टावण जोतीरामानं केलं असंच सांगतील.

वच्छला भांडली नाही. तिनं पारूला बोलायला यायला लागलं तशी एक हाक शिकवली, बाकी काही नाही.

बजाबाईचा शेवटचा बाजार मला आठवतो. करमाळ्याला आम्ही सगळ्याच गेलो होतो. बजाबाईला तेव्हा नीट दिसत नव्हतं, पारू तिचा हात धरून चालत होती. मागं सासू, वच्छला आणि मी. शेळ्यांच्या बाजाराशी महिपती एक शेळी घेऊन उभा होता. पारूनं त्याला बघितलं आणि जोरात हाक मारली, "मामा!"

महिपतीनं वर बघितलं. पारूकडं बघितलं, मग तिच्या मागं उभ्या असलेल्या माझ्या सासूकडं, आणि नजर वळवून शेळीच्या गळ्यातली दोरी सारखी करायला लागला. "मामा!" पारूनं परत हाक मारली. सासूनं तिचा दंड धरला, "चल गं, उशीर हुतोय." आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. महिपती मान वर करेना.

"कोन हाय तितं?" बजाबाईनं विचारलं. "महिपती हाय व्हय?"

"हाय, पण बोलंना," पारू म्हणाली.

बजाबाईनं पारूचा दंड चाचपला, त्यावरचा माझ्या सासूचा हात सोडवून बाजूला केला, आणि दिसत नव्हतं तरी अंदाजानं शेळ्यांकडं तोंड करून ओरडली. कापडाच्या दुकानांपर्यंत माणसं मागं वळली.

"ए केमच्या! प्वार हाक मारतीया. ओ दे की!"

महिपतीनं दोरी सोडली, सरळ उभा राहिला आणि भर बाजारात, माझ्या सासूच्या देखत म्हणाला, "ओ."